ताप मोजायला आलेला ड्रोन

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट या छोट्या गावाच्या पोलिसांनी एक घोषणा केली. करोनाची साथ रोखण्यासाठी ते ड्रोन उडवून पाहणार होते. हा ड्रोन गर्दीवरून फिरेल, १९० फुटांवरून माणसांचा ताप ओळखेल, हृदयाचे ठोके आणि श्वासाचा वेग मोजेल, कोण खोकते आणि कोण शिंकते तेही टिपेल, असा तो तयार करणाऱ्या कंपनीचा दावा होता. गावकऱ्यांनी आणि नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांनी आक्षेप घेतला. दोन-तीन दिवसांतच पोलिसांनी योजना गुंडाळली.

हा प्रसंग साथीच्या गदारोळात विसरला गेला. पण आरोग्याच्या नावाखाली सरकारने आकाशातून कुणाकडे, किती वेळ आणि कशासाठी पाहावे, हा प्रश्न तेव्हा जसा अनुत्तरित होता तसाच भारतात आजही आहे. पुढची साथ येण्याआधी त्याचे उत्तर कायद्यात लिहून ठेवायला हवे.

आधी विज्ञानाचे पाहू, कारण त्याच्या नावावर बरेच काही खपते. थर्मल कॅमेरा शरीराच्या आतले तापमान मोजत नाही. त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण टिपून तो त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान अंदाजतो. उन्हातून आलेला, धावत जिना चढलेला किंवा नुकताच घाम पुसलेला माणूस आणि तापाने फणफणलेला माणूस यांच्यात त्याची सहज गल्लत होते. पॅरासिटामॉल घेतलेला रुग्ण तर त्याच्यासमोरून निवांत निघून जातो. म्हणूनच अशा कॅमेऱ्याने ताप तपासायचा असेल तर एका वेळी एकच माणूस, वारा नसलेल्या खोलीत, चष्मा काढून, स्थिर उभा करावा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याचे तापमान घ्यावे, अशी शास्त्रीय शिफारस आहे. तो कोपरा काही मिलिमीटरचा असतो. ड्रोनवरच्या सर्वसाधारण थर्मल कॅमेऱ्यात शंभर मीटर उंचीवरून चित्राचा एक ठिपका जमिनीवरची सुमारे ८ ते १० सेंटीमीटर जागा व्यापतो. म्हणजे अख्खा चेहरा दोन-तीन ठिपक्यांत संपला. त्यात अशा कॅमेऱ्यांच्या मोजमापात दोन ते पाच अंश सेल्सिअसची चूक होऊ शकते, हे उत्पादकच सांगतात. निरोगी माणूस आणि १०१ फॅरनहाइट ताप असलेला माणूस यांच्यात फरक असतो जेमतेम सव्वा अंश सेल्सिअसचा. शिवाय करोनाच्या कितीतरी रुग्णांना ताप नव्हताच.

थोडक्यात, रोग शोधण्यासाठी हे यंत्र जवळपास निरुपयोगी आहे. पण कोण कुठे उभे आहे, कोणाच्या अंगणात किती माणसे जमली आहेत, कोण कोणाच्या घरातून बाहेर पडले, हे सारे त्याच्या साध्या कॅमेऱ्यात नीट येते. निदान होत नाही, पाळत मात्र चोख होते.

समजा, उद्या यंत्र सुधारले आणि खरोखरच आकाशातून ताप कळू लागला, तर? तिथे प्रश्न विज्ञानाच्या हातातून कायद्याच्या हाती जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे थर्मल कॅमेऱ्याचाच एक खटला २००१ मध्ये आला होता. ओरेगॉन राज्यात एका घरात दिव्यांच्या उष्णतेवर गांजा पिकवला जात असल्याचा पोलिसांना संशय होता. त्यांनी रस्त्यावर गाडीत बसून थर्मल कॅमेऱ्याने घराच्या भिंती-छप्पर तपासले आणि त्या आधारे वॉरंट मिळवले. पोलिसांचे म्हणणे, आम्ही घरात शिरलोच नाही, भिंतीबाहेर आलेली उष्णता फक्त मोजली. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळले. सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घरातले तपशील जाणून घेणे ही झडतीच आहे, आणि झडतीला आधी वॉरंट लागते, असा तो निकाल. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया तसे पुराणमतवादी म्हणून ओळखले जाणारे. घरातली बाई रोज रात्री किती वाजता स्नान करते हेही असे यंत्र सांगू शकेल, ही त्यांना खटकलेली गोष्ट होती.

याच न्यायालयाने आकाशातून पाहण्याबाबत मात्र आधी बरीच ढिलाई दाखवली होती. १९८६ मध्ये हजार फुटांवरच्या विमानातून आणि १९८९ मध्ये ४०० फुटांवरच्या हेलिकॉप्टरमधून परसात डोकावणे त्याने वैध ठरवले. जिथून कोणीही उडू शकतो तिथून पोलिसाने पाहिले तर बिघडले काय, असा युक्तिवाद होता. भारताच्या ड्रोन नियमांत ज्या भागात परवानगीशिवाय उडता येते, त्या हिरव्या क्षेत्राची मर्यादाही सर्वसाधारणपणे ४०० फूट, म्हणजे १२० मीटरच आहे. योगायोग खरा, पण हेलिकॉप्टर आणि ड्रोन यांत फरक आहे. हेलिकॉप्टर महाग असते, आवाज करते, चार मिनिटांत निघून जाते. ड्रोन स्वस्त असतो, बॅटरी बदलून पुन्हा पुन्हा येतो आणि झूम भिंग लावले तर ४०० फुटांवरून हातातल्या औषधाचे पाकीटही दाखवतो. खर्च आणि त्रास हीच पूर्वी पाळतीवरची खरी मर्यादा होती. ती तंत्रज्ञानाने काढून टाकली, म्हणून आता लेखी मर्यादा लागते.

वेस्टपोर्टमध्ये हा वाद चालला होता, त्याच आठवड्यांत आपल्याकडे ड्रोन सर्रास उडत होते. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिसांनी टाळेबंदीत त्यांचा वापर केला. २ मे २०२० रोजी केंद्राच्या नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने ‘गरुड’ नावाचे पोर्टल सुरू करून सरकारी यंत्रणांना करोनाच्या कामासाठी ड्रोन उडवण्याची सशर्त सूट दिली. कामे कोणती? हवाई टेहळणी, छायाचित्रण आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना. यातले पहिले काम नागरिकांवर नजर ठेवण्याचेच होते. पण टिपलेल्या चित्रांचे पुढे काय करायचे, यावर तेव्हा फारशी चर्चा झाली नाही.

काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. केरळ पोलिसांनी ड्रोन पाहून सैरावैरा पळणाऱ्या माणसांच्या चित्रफितीला क्रिकेटचे समालोचन जोडून ती समाजमाध्यमांवर टाकली. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये झाडाखाली कॅरम खेळणाऱ्या मुलांची, कॅरमबोर्डाआड तोंड लपवत पळतानाची फीत अशीच देशभर फिरली. लोक पोट धरून हसले, कंटाळलेल्या दिवसांत तेवढीच करमणूक. पण रुग्णालयाच्या वॉर्डात धडपडणाऱ्या रुग्णाची फीत कुणा डॉक्टरने विनोदी संगीत लावून टाकली असती, तर त्याची नोंदणी धोक्यात आली असती, आणि यायलाच हवी होती. साथरोगाचा कायदा मोडणारा नागरिकही नियमानुसार दंडाला पात्र असतो, सार्वजनिक चेष्टेला नव्हे. ती चित्रे कोणत्या अधिकाराने जमवली आणि कोणत्या अधिकाराने प्रसिद्ध केली, हे विचारायचे कुणाला सुचले नाही.

फ्रान्समध्ये ते सुचले. पॅरिसचे पोलीस टाळेबंदीत असेच ड्रोन उडवत होते. त्यांची बाजू वरकरणी बिनतोड होती. ड्रोन ८० ते १०० मीटर उंचीवरून उडतात, रुंद कोनाचे भिंग वापरतात, चित्रे साठवायचे कार्डही त्यांच्यात नाही, माणसे ओळखू येत नाहीत. १८ मे २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने साधी गोष्ट पाहिली. ड्रोनला झूम आहे का? आहे. तो ८० मीटरच्या खाली येऊ शकतो का? येऊ शकतो. मग पोलिसांनी स्वतःला घातलेला नियम हा भरवसा होऊ शकत नाही. माणसे ओळखण्याची क्षमता असेपर्यंत कायद्याची चौकट लागेल. ती नव्हती, म्हणून उड्डाणे थांबवण्याचा आदेश निघाला. नंतर पोलिसांनी चेहरे धूसर करणारे सॉफ्टवेअर आणले, तेही डिसेंबरमध्ये न्यायालयाने पुरेसे मानले नाही. पुढे सरकारने केलेली ढोबळ तरतूद मे २०२१ मध्ये तिथल्या घटना परिषदेने रद्द केली. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये नवा कायदा आला. त्यात सरकारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश, जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत, आवाज टिपायला आणि चेहरा ओळखणारे तंत्र जोडायला बंदी, घरांच्या आतले आणि दारातले चित्रण टाळण्याचे बंधन आणि चित्रे सात दिवसांत नष्ट करण्याची अट आहे. फ्रान्सच्या पोलिसांचे काम त्यामुळे बंद पडले नाही. ड्रोन आजही उडतात, फक्त त्यांच्यामागे एक कागद असतो.

भारतात तो कागद नाही. २०१८ च्या ड्रोन नियमावलीत, उडवणाऱ्याने इतरांच्या खासगीपणाला बाधा येऊ देऊ नये, अशी निदान एक ओळ होती. ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमांत वजनाचे वर्ग आहेत, नोंदणी आहे, लाल-पिवळे-हिरवे क्षेत्र आहे, चालकाचे प्रमाणपत्र आहे. खासगीपणाची ती ओळ मात्र उरली नाही. उद्योग वाढावा म्हणून नियम सुटसुटीत केले गेले, ते बरेच झाले. पण ड्रोन काय पाहतो हा विषयच त्या सुटसुटीतपणात बाहेर पडला. इकडे मुंबईत नागरिकांनी ड्रोन उडवू नयेत म्हणून पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात. त्याच आकाशातल्या सरकारी ड्रोनने कुठे पाहावे याचा आदेश कुणी काढायचा, ते ठरलेले नाही.

एखाद्या पोलिसाने व्यक्तिशः आगळीक केली, स्नान करणाऱ्या बाईचे चित्र टिपले, तर भारतीय न्याय संहितेत त्याला शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई आहे. मात्र हे कायदे एकट्या विकृत माणसासाठी आहेत. नेकीने नेमून दिलेले काम करणारी अख्खी यंत्रणा रोज हजारो निरपराध माणसांची चित्रे जमवत असेल, तर त्यांचा उपयोग होत नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण त्याच्या १७ व्या कलमाने गुन्हे रोखण्याच्या आणि तपासाच्या कामाला बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना कायद्याबाहेर ठेवण्याची मुभा केंद्राला दिली आहे.

उरतो तो सर्वोच्च न्यायालयाचा आधार. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री संशयिताच्या घरी जाऊन दार ठोठावणे घटनाबाह्य ठरवले, पण घराबाहेर गुपचूप पहारा ठेवणे आणि हालचालींवर लक्ष ठेवणे चालू दिले, कारण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे तेव्हाचे बहुमत होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला आणि खरक सिंग निकालातला तो भाग पुसून टाकला. त्या निकालानुसार सरकारला खासगीपणात शिरायचे असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू वैध हवा आणि शिरकाव गरजेपुरताच हवा. यातली पहिलीच अट ड्रोनच्या पाळतीत पुरी होत नाही. साथरोग कायदा आहे ना, असे उत्तर मिळेल. तो कायदा कसला आहे ते पुण्याइतके कुणाला माहीत असणार?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी लागू झालेला साथरोग कायदा मूळचा जेमतेम चार कलमांचा. साथ रोखण्यासाठी सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, आणि सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हा त्याचा गाभा. त्याच्या जोरावर पुण्यात प्लेग समितीच्या गोऱ्या सोजिरांनी घराघरांत, देवघरांत, माजघरांत शिरून झडत्या घेतल्या. प्लेग खरा होता, माणसे रोज मरत होती, आणि रुग्ण वेगळे काढण्यामागचा वैद्यकीय विचारही त्या काळाच्या मानाने चुकीचा नव्हता. पण लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली, गाव सोडून पळ काढला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास शाळेत शिकवला जातो. सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकात मात्र त्याची दुसरी बाजू यायला हवी. तपासणीची भीती बसली की रोग दडवला जातो, आणि दडवलेला रोग पसरतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, शेजारच्या कर्नाटकात अशा लोकांचे पत्ते प्रसिद्ध झाले. तेव्हा तोंड लपवून फिरणारे, प्रवास केल्याचे दडवणारे कमी नव्हते. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या कामात आयुष्य घालवलेले आरोग्यसेवक ही गोष्ट कुणी न शिकवता जाणतात.

साथ नसतानाही आरोग्याचे कारण पुढे करून ड्रोन उडतो. तेलंगणातल्या करीमनगरात २०१७ साली उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना पकडण्यासाठी ड्रोन वापरला गेला. आपल्याकडची ‘गुड मॉर्निंग पथके’ शिट्ट्या फुंकत जात, हा त्याचाच उडता अवतार. हेतू चांगला होता यात शंका नाही. घाणीतून जुलाब, कावीळ, जंत होतात. पण घरात संडास नसलेल्या माणसाचे, माणसाने सर्वाधिक आडोसा शोधावा अशा क्षणीचे चित्र सरकारच्या कॅमेऱ्यात जाते, तेव्हा आरोग्याने त्याची प्रतिष्ठा विकत घेतलेली असते.

ड्रोनशी वैर धरण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरातल्या बिष्णुपूर जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने करोनाची लस पोचवली. १५ किलोमीटरचे अंतर पाऊण तासापेक्षा कितीतरी कमी, १२ ते १५ मिनिटांत कापले गेले. आषाढी वारीत गर्दी कुठे दाटते आहे हे वरून वेळेवर कळले तर चेंगराचेंगरी टळते, आणि २००५ मध्ये मांढरदेवीला जवळपास तीनशे माणसे गमावलेल्या राज्याने त्या उपयोगाला नाके मुरडू नयेत. पुरात अडकलेली माणसे शोधायला तर तो हवाच. या कामांना चेहरे लागत नाहीत, चित्रे महिनोन्‌महिने ठेवावी लागत नाहीत. तिथे नियम सोपे राहू द्यावेत.

खरी कसोटी असते मधल्या कामांची. पालिकेचा ड्रोन डासांच्या अळ्या शोधायला गच्चीवरून गेला, अशी कल्पना करा. उघडी पाण्याची टाकी दिसली, जुना टायर दिसला, डेंगीचे काम झाले. पण त्याच चित्रात गच्चीवर घातलेला पत्र्याचा आडोसा दिसतो, वाळत घातलेले कपडे दिसतात, कुंडीतले रोप दिसते, दुपारी उशी घेऊन आडवी झालेली गरोदर सून दिसते. ते चित्र अतिक्रमण विभागाला द्यायचे का? पोलीस ठाण्याला? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात असेच घडले. एका गावाच्या प्रशासनाने वॉरंटशिवाय ड्रोन पाठवून एका दांपत्याच्या जागेत भंगार गाड्या साठल्याची छायाचित्रे काढली. प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ड्रोनने घटना मोडली की नाही यात न पडता, दिवाणी कारवाईत ती छायाचित्रे वापरायला हरकत नाही असे ठरवले. भारतात तर १९७३ च्या पूरनमल निकालापासून बेकायदा मिळवलेला पुरावाही, तो प्रस्तुत असेल तर, न्यायालय पाहू शकते. म्हणजे चित्र एकदा निघाले की ते परत घेता येत नाही. आपल्याकडे मर्यादा ड्रोन उडण्याआधीच घालावी लागते, ती यासाठी.

वैद्यकात ही शिस्त रोजची आहे. साखर तपासायला काढलेल्या रक्ताची दारूसाठी परस्पर तपासणी करून अहवाल मालकाला पाठवता येत नाही. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करू नये आणि निकाल उघड करू नये, असे २०१७ चा कायदा सांगतो. त्याला अपवाद आहेत, पण ते लिहिलेले आहेत. ड्रोनसाठीही इतकेच हवे. डासांसाठी काढलेले चित्र डासांसाठीच, साथीसाठी काढलेले साथीपुरते, आणि त्यावरून कुणाला दंड वा अटक करायची नाही, एवढी एक अट घातली तरी निम्मा धोका संपतो. बाकीच्यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. फोन चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच चौकट आखून दिली होती: गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, काही झाले तरी सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि तपासायला समिती. त्या चौकटीची अंमलबजावणी आदर्श झाली असे कुणी म्हणणार नाही. तरीही निदान आदेश मागता येतो, तो नसेल तर न्यायालयात विचारता येते.

पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय घटनेने राज्यांकडे दिले आहेत. त्यामुळे महाराष्ट्राला केंद्राची वाट पाहावी लागत नाही. विमानोड्डाणाचे नियम केंद्राचे राहतील; पण राज्याच्या पोलिसाने किंवा आरोग्य खात्याने ड्रोनचा कॅमेरा कुठे रोखायचा, हे विधिमंडळ ठरवू शकते. आदेश देणारा अधिकारी ड्रोन उडवणाऱ्या खात्याचा नसावा. आरोग्याचे कारण असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने, अमुक रोगासाठी ड्रोनच का लागतो आणि आशाताईने घरोघर जाऊन ते का होणार नाही, हे लिहून सही करावी. उड्डाणाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा वस्तीत दवंडी देऊन दिवस आणि वेळ कळवावी. डास काही सूचना वाचून पळून जात नाहीत. चित्रे किती दिवसांत पुसली आणि कुणी पुसली, याची नोंदवही असावी, आणि ती माहितीच्या अधिकारात मागणाऱ्याला दाखवावी.